हिशेबाची खुर्ची आणि शिकवणारा हात

(कुंभकोणम येथे जमलेल्या रेल्वे व टपाल खात्यांतील मराठी साथींपुढे केलेले भाषण)

साथींनो,

काल सायंकाळी आपल्यापैकी बरेच जण सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावरचे रामानुजन यांचे घर पाहून आले. बाहेर पडताना एका पोस्टमन साथीने विचारले, "एवढे मोठे गणिती, पण यांचे पोट कशावर चालत होते?" आजचे आमचे बोलणे हे त्या प्रश्नाचे उत्तर समजा. पोट चालत होते ते हिशेबाच्या कारकुनीवर. आणि त्या खुर्चीवर बसले तेव्हा त्यांच्या गाठी अनुभव जवळजवळ नव्हता.

त्यांचे वडील याच गावात साडीच्या दुकानात कारकून होते. मुलाला १९०४ साली इथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली, पण गणिताशिवाय इतर विषयांत लक्ष नाही म्हणून ती गेली. पुढे मद्रासच्या कॉलेजातही एफ.ए.ची परीक्षा हातून निसटली. १९०९ साली लग्न झाले आणि नोकरीसाठी वणवण सुरू झाली. मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काही आठवडे वीस रुपये पगारावर हंगामी काम केले. मग फेब्रुवारी १९१२ मध्ये पोर्ट ट्रस्टकडे अर्ज केला आणि १ मार्चपासून हिशेब खात्यात तिसऱ्या वर्गाचे, चौथ्या श्रेणीचे कारकून म्हणून रुजू झाले. पगार महिना तीस रुपये.

आता नीट पाहा. अर्जासोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकांची शिफारस होती. वरचे अधिकारी नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे तर आपल्याच रेल्वेच्या कामातून पुढे आलेले इंजिनियर. या दोघांनी पाठीवर हात ठेवला. जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना जे पत्र टपालात टाकले, त्यात आपली ओळख हिशेब खात्यातला कारकून, वार्षिक पगार वीस पौंड, अशीच करून दिली होती. त्याच वर्षी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा पोर्ट ट्रस्टने रजाही दिली.

याच गावचा एक मराठी माणूसही आठवावा. तंजावर प्रांतातील देशस्थ घराण्यातले टी. माधवराव १८२८ साली इथे जन्मले. मद्रासला गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असताना १८४९ मध्ये तेही अकाउंटंट जनरलच्या कचेरीत शिरले. पुढे त्रावणकोरचे दिवाण झाले आणि सयाजीराव अल्पवयीन असताना बडोद्याचा कारभार त्यांनी पाहिला. त्यांच्या घरात दिवाणगिरी आधीपासूनच होती, हेही विसरू नये.

म्हणजे दोघांनाही हिशेबात शिरताना कुणाचा ना कुणाचा आधार होता. आमचा प्रश्न एवढाच आहे की, जे त्यांना शिफारशीने किंवा घराण्याने मिळाले, ते आपल्या माणसाला नियमाने का मिळू नये?

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक गार्ड डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. गाडी सुटली, हिशेबाची खुर्ची मिळाली. पहिल्या दिवशी पुढ्यात बिलांचा गठ्ठा आला आणि "मागच्या महिन्याचे बघा, तसेच करा" एवढीच शिकवणी झाली. तिसऱ्या महिन्यात एक बिल दोनदा पास झाले. सही त्यांची, म्हणून वसुलीही त्यांच्याच पगारातून. आम्ही दाद मागितली, निम्मी कापल्यावर वसुली थांबली. पण सही करताना त्यांचा हात पुढे वर्षभर अडखळत होता.

त्यांना ती खुर्ची कोणी उपकार म्हणून दिली नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४७ व्या कलमाने आणि आता २०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमाने हे बंधन घातले आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर सेवेतून काढता येत नाही, पायरी उतरवता येत नाही. त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यावे लागते, आणि ते नसेल तर जादा पद निर्माण करून सांभाळावे लागते. पण कलम खुर्ची देते, विद्या देत नाही.

ही विद्या काही अवघड आहे का? साथींनो, बुकिंग क्लार्क रोज रोकड जुळवतो. एरर शीट आली की डेबिट कबूल करायचे की नाही, हे त्याला कळते. शाखा टपाल कचेरीतला साथी रोजचा हिशेब पाठवतो. काउंटरवरचे कितीतरी टपाल सहायक पी.ओ. अँड आर.एम.एस. अकाउंटंटची परीक्षा देऊन हिशेबाकडे वळले. अर्धी वाट आपण चाललेलीच आहे.

नवा माणूस अडखळतो तो एका जागी. घरच्या वहीत आलेला पैसा आपण जमा लिहितो. द्विनोंदी पद्धतीत मात्र रोकड खात्याला जे आले ते नावे, जे गेले ते जमा. कारण प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत उतरतो, एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा. एवढे मनात बसले की कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ही वाट सरळ आहे.

जुन्या हिशेबनिसांच्या दोन खुणाही सांगतो. तेरीज जुळत नसेल तर फरकाला नवाने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडले आहेत. ५,४९० च्या जागी ४,९५० लिहिले तर फरक ५४०. फरक सम असेल तर त्याची निमपट शोधा. तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला चढली असण्याचा संभव असतो. आज बेरीज संगणक करतो, पण कोणती रक्कम कोणत्या शीर्षाखाली घालायची हे माणूसच ठरवतो.

म्हणून आमचे म्हणणे चार कलमी आहे. पहिले तीन महिने नवख्याची स्वतंत्र सही घेऊ नये. त्याला शिकवणाऱ्या ज्येष्ठाचे नाव बदलीच्या आदेशातच असावे. शिकण्याच्या काळातील प्रामाणिक चुकीची वसुली होऊ नये. आणि खात्याच्या परीक्षेच्या तयारीसाठी सवड मिळावी.

हे मिळेपर्यंत आपण हात बांधून बसायचे का? प्रत्येक शाखेत हिशेबातला एक तरी जुना साथी आहे. त्याने आठवड्यातली एक संध्याकाळ युनियनच्या खोलीत एका नवख्याला द्यावी. परत गेल्यावर पहिल्या बैठकीत शाखेच्या वहीत दोन नावे लिहा, शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे. ही नोंदही दुहेरीच आहे, साथींनो. एक बाजू कोरी राहिली तर आपली तेरीज जुळणार नाही.