मनी प्लांट आणि रविवारची पाच मिनिटं

कानात इयरफोन, हातात फोन आणि खिडकीत मनी प्लांट असलेल्या सगळ्यांचं स्वागत. आज त्या तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचंय.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या रूममेटला डेंग्यू झाला. चार दिवस ताप उतरेना, प्लेटलेट्स कमी होत गेल्या, शेवटी ॲडमिट करावं लागलं. ती हॉस्पिटलमध्ये असतानाच पालिकेच्या एक ताई घर तपासायला आल्या. त्यांनी बादल्या बघितल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे बघितला आणि मग खिडकीतली काचेची बाटली उचलून उजेडात धरली. आईने दिलेली मनी प्लांटची वेल होती तिच्यात. मुळांच्या आजूबाजूला सात-आठ अळ्या वळवळत होत्या.

“पाणी शेवटचं कधी बदललं होतं?” ताईंनी विचारलं. मला आठवेना. ‘मनी प्लांटला काही करावं लागत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की तीन आठवडे त्या बाटलीकडे मी नीट बघितलंच नव्हतं.

रूममेटला चावलेला डास आमच्याच बाटलीतला होता का, हे कुणीच सांगू शकत नाही. ती बरी झाली, हे महत्त्वाचं. पण तेव्हापासून मला ते वाक्य पटत नाही. मनी प्लांटला कमी लागतं हे खरं. काहीच लागत नाही, हे खोटं.

आधी ही वेल कुठली ते बघू. आपल्याला वाटतं ती इथलीच. मुळात ती पॅसिफिक महासागरातल्या मोओरेया नावाच्या छोट्या बेटावरची आहे. फ्रेंच पॉलिनेशियात आहे ते. दमट हवा, मोठ्या झाडांची सावली, गळणारा उजेड. तिथे ती झाडाच्या बुंध्याला धरून वर चढते. घरात काय करायचं, याची जवळजवळ सगळी उत्तरं या एका चित्रात आहेत.

उजेडाचं घ्या. तिला उजेड हवा, पण गाळलेला. दुपारचं थेट ऊन पडलं तर पानांवर करपल्यासारखे तपकिरी डाग येतात. पार अंधाऱ्या कोपऱ्यात ती मरत नाही, पण पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे कमी होत जातात आणि नवी पानं नुसती हिरवी येतात. तसं दिसलं तर खत घालू नका, कुंडी खिडकीजवळ सरकवा.

आता पाणी. कुंडीतले मनी प्लांट तहानेने कमी मरतात आणि जास्त पाण्याने जास्त. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिखल राहिली तर तिच्यातली हवा निघून जाते, मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग पानं मलूल होतात. आपल्याला वाटतं, अरे, तहानलीये बिचारी! म्हणून आपण आणखी पाणी घालतो. इथेच सगळं फसतं.

म्हणून पाणी तारीख बघून नाही, माती बघून घालायचं. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, इतकं की खालच्या भोकातून निघेल. ओलसर लागलं तर हात आवरा. मे महिन्यात हे दर तीन-चार दिवसांनी करावं लागेल. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात दहा दिवसही पाण्याची गरज पडणार नाही. नाशिक-पुण्याच्या थंडीत वेल वाढायची थांबते, तेव्हाही पाणी कमी. पानं मलूल आहेत पण माती ओली आहे, असं दिसलं तर वेल कुंडीतून काढून मुळं बघा. मऊ, काळपट, वास मारणारी मुळं कापून टाका आणि नव्या, भुसभुशीत मातीत लावा. लाल माती, कोकोपीट आणि थोडं गांडूळखत पुरे. कुंडीला भोक मात्र हवंच.

आता खूप जण विचारतात तो प्रश्न: “माझी वेल लांबच लांब झाली, पण पानं बारीक का?” रस्त्याकडेच्या एखाद्या जुन्या झाडावर चढलेला मनी प्लांट बघितलाय? ताटाएवढी पानं, कडेने फाटलेली. तीच वेल आहे ती! चढायला आधार मिळाला की पानं मोठी होत जातात. खाली लोंबकळत राहिली की लहानच राहतात. मोठी पानं हवी असतील तर कुंडीत मॉस स्टिक रोवा, तिला वेल बांधा आणि काठी ओली ठेवा. शेल्फवरून लोंबणारी वेल आवडत असेल तर तीही छानच. फक्त अधूनमधून शेंडे कापा म्हणजे बाजूने फुटवे येतील, आणि कापलेले तुकडे त्याच कुंडीत लावा. वरून टकली झालेली कुंडी भरून येते.

तुकडा कापताना एक बघायचं. पानाचा देठ वेलीला जिथे जोडलेला असतो तिथे एक गाठ असते, उसाच्या कांडीवर डोळा असतो तशी. त्या गाठीजवळ तपकिरी टोक आलेलं दिसतं. मूळ फुटणार ते तिथूनच. गाठीच्या जरा खाली कापा. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलंत तर ते महिनोन्‌महिने हिरवं राहील, पण त्याची वेल होणार नाही.

गंमत म्हणजे, या वेलीला फुलं जवळजवळ कधीच येत नाहीत. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक ती पुरेसं बनवू शकत नाही, असं २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं. फुलं नाहीत म्हणून बी नाही. म्हणजे आपल्या घरातली वेल कुणाच्या तरी वेलीचा तुकडा, ती आणखी कुणाच्या. चोरून आणलेला मनी प्लांट लाभतो म्हणतात. मागून आणलेलाही तितकाच चांगला वाढतो, स्वानुभव आहे!

घरात रांगतं बाळ, मांजर किंवा कुत्रा असेल तर वेल उंच ठेवा. मनी प्लांट अळूच्याच कुळातला. कच्च्या अळूने घसा का खवखवतो? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेच इथेही आहेत. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटीही होऊ शकते.

आणि आता बाटली. पाण्यात वेल ठेवू नका असं मी म्हणणार नाही, माझी अजूनही आहे. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साठलेलं, स्वच्छ पाणी आवडतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बाटलीच्या आतल्या भिंतीला. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की उबतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून वरून पाण्याची भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतायचं, बाटली आतून ब्रशने घासायची, मुळं नळाखाली धुवायची आणि मग नवं पाणी. ‘कोरडा दिवस पाळा’ असं पालिकेचे लोक सांगतात ते यासाठीच. कुंडीखालची ताटलीही विसरू नका. पाण्यात अळ्या दिसल्या तर ते बेसिनमध्ये नको, उन्हातल्या कोरड्या मातीवर ओता. दर आठवड्याला जमणार नसेल तर मुळं दोन इंच झाल्यावर वेल सरळ कुंडीत लावा. पहिले दोन आठवडे माती जरा ओलसर ठेवा, मग नेहमीसारखं.

माझा रविवार ठरलेला आहे. सकाळी चहाचं आधण ठेवलं की बाटली धुते, कुंडीत बोट घालते, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसते आणि पानं उलटून कीड बघते. चहा उकळेपर्यंत होतं सगळं. रूममेट गावी गेली की मला फोनवर विचारते, “बाटली धुतलीस का गं?” आधी राग यायचा. आता मी फोटोच पाठवते.

तर मंडळी, एपिसोड संपतोय. पुढचा सुरू व्हायच्या आत उठा आणि तुमची बाटली एकदा उजेडात धरून बघा. भेटूया पुढच्या आठवड्यात!