शनीच्या पोटातलं कसं कळलं?

बाजारात माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे. आत डोकावायची गरज पडत नाही.

10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास आपल्या हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. आम्ही सिद्धेश्वरच्या बायका हातातलं काम टाकून अंगणात आलो. पहिली धास्ती धरणाची. पुढं कित्येक दिवस एकच बोलणं, जमिनीच्या पोटात काय आहे ते कुणी बघितलंय? बघितलं कुणीच नाही, पण ऐकलंय. डेन्मार्कच्या इंगे लेहमन या बाईंनी भूकंपाच्या लहरींच्या नोंदी तपासल्या आणि 1936 साली सांगितलं, की पृथ्वीच्या गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे. (जाता जाता, पत्र्यावर वजनाला ठेवलेले दगड अजून तसेच असतील तर काढा. पत्रे तारेनं बांधून घ्या.)

पृथ्वीवर यंत्र ठेवायला जमीन तरी आहे. शनीवर तीही नाही. वरून खाली नुसता वायू, खाली जावं तसा दाट होत जाणारा. मग त्याचा हादरा मोजायचा कुठं? तर त्याच्या कड्यांवर. ही कडी म्हणजे बर्फाचे असंख्य तुकडे. शनी आतून हलतो तेव्हा त्याची ओढ किंचित कमीजास्त होते. पंचमीला झोका देताना नेमक्या वेळी धक्का दिला की झोका उंच जातो, अवेळी दिला तर अडखळतो. तसंच जिथं शनीच्या हादऱ्याचा आणि बर्फाच्या फेरीचा ताल जुळतो, तिथं कड्यात लाट उठते.

हे मार्क मार्ली आणि कॅरोलिन पोर्को या दोघांनी 1993 मध्ये मांडलं होतं. पुढं कॅसिनी यान 2004 ते 2017 शनीभोवती फिरलं. कड्यांआडून येणारा ताऱ्यांचा उजेड कसा कमीजास्त होतो ते त्यानं टिपलं, आणि त्या लाटा सापडल्या. त्यांवरून 2019 मध्ये शनीचा दिवस मोजला, 10 तास 33 मिनिटं 38 सेकंदांचा. 2021 मध्ये त्याहून मोठी गोष्ट कळली. शनीचा गाभा आंब्याच्या कोयीसारखा टणक आणि वेगळा नाही. निवांत ठेवलेल्या वरणासारखा आहे, तळाला घट्ट, वर पातळ, मध्ये रेघ कुठंच नाही. दगड, बर्फ आणि वायू यांचं ते मिश्रण केंद्रापासून निम्म्याहून जास्त अंतरापर्यंत पसरलंय.

ज्याच्या साडेसातीला आपण एवढं भितो, त्याचा पृष्ठभाग तास-दोन तासांत जेमतेम मीटरभर हलतो. एवढ्यावरून हे सगळं काढलं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

गुरूची कडी मात्र अगदी विरळ. तिथं ही युक्ती चालत नाही, म्हणून त्याचे ढग वरखाली होतात का ते पृथ्वीवरून दुर्बिणीनं मोजत बसावं लागतं. 2011 मध्ये फ्रान्सच्या शास्त्रज्ञांना तशा खुणा दिसल्या, पण ते काम अजून चालू आहे.