महागड्या मालिका आणि खर्चाची वही



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर वर्गणी भरून पाहावयाच्या मालिकांच्या खर्चाशी युनियनच्या माणसाचा काय संबंध? पैसा कंपनीचा, मालिका कंपनीची. तिने शंभर कोटी घातले काय आणि दोनशे कोटी घातले काय, आपल्या घरचे काय गेले?

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि मजुरीच्या पावत्यांत झाले. त्या पावत्यांनी मला एक गोष्ट शिकविली. ‘खर्च वाढला’ हे वाक्य कोणी उच्चारले, की लगेच दोन प्रश्न विचारावेत. कोणत्या खात्यावर वाढला? आणि कमी करावयाचे ठरले, म्हणजे कोणत्या खात्यावर कमी होतो? आज मी एवढे दोनच प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभा आहे.

आधी आकडे पाहू. २०१३ साली नेटफ्लिक्स कंपनीने अमेरिकेत ‘हाउस ऑफ कार्ड्स’ ही मालिका आणली. पहिल्या २६ भागांना सुमारे १० कोटी डॉलर पडले असे तेव्हा प्रसिद्ध झाले, आणि लोकांनी तोंडात बोटे घातली. अवघ्या ९ वर्षांनी, २०२२ साली, अॅमेझॉनने ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ काढली. तिच्या पहिल्या ८ भागांना सुमारे साडेसेहेचाळीस कोटी डॉलर लागले. त्यांत पुढच्या भागांनाही उपयोगी पडणारे सेट होते, हे मान्य. तरी भागाकार करून पाहा. एका भागाला ३८ लाख डॉलर पडत, तेथे ५ कोटी ८० लाख पडू लागले, म्हणजे पंधरापट.

आपल्याकडे नेटफ्लिक्स आली जानेवारी २०१६ मध्ये. २०१९ च्या डिसेंबरात तिचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज दिल्लीत येऊन सांगून गेले, की ते वर्ष आणि पुढचे वर्ष मिळून भारतात सुमारे ३,००० कोटी रुपये खर्च करू. २०२४ च्या मे महिन्यात संजय लीला भन्साळी यांची आठ भागांची ‘हीरामंडी’ आली. तिला दोनशे कोटी लागले असे वृत्तपत्रांनी लिहिले. हा आकडा वृत्तपत्रांचा आहे हे लक्षात ठेवा. कारण मालिकेगणिक हिशेब कंपन्या सहसा प्रसिद्ध करीत नाहीत. ज्या वहीविषयी आपण बोलतो आहोत, ती वही आपण कोणी पाहिलेली नाही.

हा खर्च सगळा उधळपट्टीचा आहे, असे मी म्हणणार नाही. आठ तासांची गोष्ट सिनेमाच्या थाटाने सांगावयाची, तर चित्रीकरणाचे दिवस वाढतात. संगणकावर दृश्ये करणारी माणसे लागतात, अनेक भाषांत आवाज द्यावे लागतात. चांगल्या कामाला चांगला पैसा पडतो, हे कारागिराला कोणी शिकवावयास नको. पण पंधरापट वाढ एवढ्याने होत नाही. तिची कारणे व्यवहाराच्या रचनेत आहेत.

पहिले कारण म्हणजे तिकीटखिडकी गेली. १९६० साली येथून जवळच, मराठा मंदिरात, ‘मुघल-ए-आझम’ लागला. के. आसिफ यांनी वर्षानुवर्षे तो रखडविला. खर्च दीड कोटीपर्यंत गेला असे सांगतात, आणि पैसा शापूरजी पालनजी यांचा. त्या काळी हा खर्च म्हणजे वेडच होते. पण त्या वेडाचा निकाल लावावयास मराठा मंदिरची खिडकी उघडी होती. पिटातल्या माणसाने पैसे टाकले आणि हिशेब चुकता झाला. आज आपण महिन्याची वर्गणी भरतो, ती अमुक मालिकेसाठी नव्हे. कोणत्या मालिकेने किती कमावले, हे खुद्द ती बनविणाऱ्यालाही नक्की कळत नाही.

मग बनविणाऱ्याला पैसे कसे मिळतात? बहुतेक वेळा असा करार होतो, की जो खर्च येईल तो कंपनी देणार, आणि वर ठरलेला टक्का नफा म्हणून देणार. मालिकेचे सगळे हक्क कंपनीचे. यात मेख कोठे आहे, हे गिरणगावात सांगण्याची गरज पडू नये. आपल्या जुन्या गिरण्यांत मॅनेजिंग एजंट असत. आरंभीच्या काळात त्यांचे कमिशन नफ्यावर नसे; गिरणीतून निघालेल्या सुतावर, पौंडामागे पाव आणा, असे असे. गिरणी नफ्यात चालो की तोट्यात, सूत निघत राहिले की एजंटाचे घर भरले. त्याने काटकसर का करावी? ज्याची कमाई खर्चाच्या टक्क्याने वाढते, त्याला खर्च आवरण्याची घाई नसते. त्या वेळी ते सूत होते, आता मालिका आहे. माणसाच्या स्वभावात फरक पडलेला नाही.

दुसरे कारण यालाच चिकटून आहे. सगळे हक्क एकदाच विकावयाचे, पुढे मालिका जगभर गाजली तरी वाटा मिळावयाचा नाही, असे ठरले म्हणजे ज्याच्या नावाला किंमत आहे तो पुढच्या दहा वर्षांचे मोल आजच मागतो. त्याचे चुकते असेही नाही. पण त्याने वहीतला आकडा फुगतो. आणि ज्याच्या नावाला किंमत नाही, त्याला आजही रोज आणि उद्याही रोजच.

तिसरे कारण जुनेच आहे. नावे थोडी आणि बोली लावणारे फार. दादरला चंदुलाल शहांच्या रणजितमध्ये, परळला व्ही. शांतारामांच्या राजकमलमध्ये स्टुडिओची स्वतःची माणसे महिन्याच्या पगारावर असत. महायुद्धाच्या काळात काळा पैसा या धंद्यात शिरला. त्याने एकेका चित्रापुरता नट उचलला, वाटेल ती रक्कम दिली, आणि पगारी स्टुडिओंचा कणा मोडला. १९४९ साली सरकारने आपल्या मुंबईच्याच स. का. पाटलांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५१ साली आला. नटांचे अवाच्या सवा मोबदले, सट्टेबाज भांडवल, खर्चाला नसलेला धरबंध हे सगळे त्यात आहे. सत्तर वर्षांहून अधिक लोटली. २०२४ साली करण जोहर, अनुराग कश्यप असे नामांकित निर्माते-दिग्दर्शक जाहीरपणे बोलू लागले, की नटाबरोबरचा लवाजमा आणि त्यांच्या व्हॅनिटी गाड्या परवडत नाहीत. रोग तोच, फक्त गाड्या वातानुकूलित झाल्या.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. वाढ वर झाली. कपात कोठे होते?

खर्चाच्या वहीत न लिहिलेला खर्च ही आपल्या धंद्याची जन्मखूण आहे. दादासाहेब फाळक्यांनी दादरला राहत्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांपुढे आला. दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण फिल्मला भोके पाडणे, ती धुणे आणि एवढ्या माणसांचा स्वयंपाक करणे हे सरस्वतीबाई फाळक्यांनी केले. त्यांची मजुरी कोणत्या खात्यावर पडली? कोठेच पडली नाही. घरच्या माणसाने प्रेमाने केले, तर त्याचा गौरव करावा. पण शंभर वर्षांनी कोट्यधीश कंपनीने सुताराकडून तीच अपेक्षा ठेवावी, हे चालणार नाही.

गिरणगावात ‘बदली’ हा शब्द कोणाला समजावून द्यावा लागत नाही. पहाटे गिरणीच्या दारात उभे राहावयाचे. कायम कामगाराचा खाडा पडला तर काम, नाहीतर घरी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. बदली मात्र गेला नाही. तो आता गोरेगावच्या चित्रनगरीच्या दारात उभा आहे. ज्यांच्यात मी काम करतो त्या सुतार, रंगारी, लाइटवाले, स्पॉटबॉय यांत लालबाग-परळच्या गिरणी कामगारांची मुले आहेत. आता भोंगा होत नाही. रात्री अकराला फोनवर निरोप येतो, की उद्या सातला हजर. बारा तासांची शिफ्ट, आणि टीव्हीच्या धंद्यात पैसे नव्वद दिवसांनी देण्याचा रिवाज रुजला आहे. म्हणजे ज्या कंपनीच्या वहीत कोटी आहेत, तिला तीन महिने बिनव्याजी कर्ज कोण देतो? रोजंदार देतो.

एका मोठ्या मालिकेच्या सेटवरची गोष्ट सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही. महालाचे छत पुरे झाले. रंग पसंत पडला नाही म्हणून ते पुन्हा रंगविले. पुन्हा पसंत पडले नाही, तेव्हा पाडून नवे केले. हा खर्च कलेची गरज म्हणून मंजूर झाला, आणि मी त्याला हरकत घेणार नाही. पण त्याच छताखाली तीस फुटांवर परातीवर उभ्या असलेल्या रंगाऱ्यांसाठी आम्ही कमरेचे पट्टे मागितले, तेव्हा उत्तर आले की बजेट संपले. अर्धा दिवस हत्यारे खाली ठेवावी लागली. संध्याकाळी पट्टे आले. पैसा होता, खाते नव्हते.

मालकांच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ते म्हणतात, मजुरी वाढली म्हणून खर्च वाढला. आपण हिशेब करू. समजा, एक मालिका शंभर कोटींची आहे. चित्रीकरण शंभर दिवस चालले. रोज तीनशे कामगार, आणि सढळ हाताने धरून प्रत्येकाला रोज दोन हजार. गुणाकार येतो सहा कोटी. शंभरातले सहा! यांची मजुरी उद्या पावपट वाढविली, तरी दीड कोटी वाढतील. एवढ्याने जी मालिका बुडेल, ती मुळात तरंगतच नव्हती.

आणि आता उलटे वारे सुटले आहे. अमेरिकेत २०२२ साली इंग्रजीत ५९९ कथामालिका निघाल्या. २०२३ मध्ये त्या ५१६ वर आल्या. आपल्याकडे हॉटस्टार आणि जिओ सिनेमा या दोन मोठ्या गिऱ्हाइकांचे २०२४ च्या नोव्हेंबरात एकच गिऱ्हाईक झाले. बोली लावणारे कमी झाले, म्हणजे मालाचा भाव पडतो. मोठ्या नावांचा भाव शेवटी पडेल. दिवस आणि माणसे मात्र आधी कमी होतील. तीनशेंच्या जागी दोनशे माणसे, काम तेवढेच. प्रेक्षक म्हणून तुमचेही नुकसान यातच आहे. दोनशे कोटींचा जुगार खेळणारा नवा लेखक, नवा विषय घेत नाही. मागे चालले तेच पुन्हा करतो. एका महालाच्या पैशांत दहा साध्या, चांगल्या मालिका झाल्या असत्या आणि दहापट हातांना काम मिळाले असते, हा हिशेब कोणी मांडावयाचा?

तो कामगारांनी मांडावयाचा असतो. २०२३ साली अमेरिकेतील लेखकांनी १४८ दिवस आणि नटांनी ११८ दिवस संप केला. ‘खर्च कमी करा’ अशी त्यांची मागणी नव्हती. मालिका किती जणांनी पाहिली तो आकडा दाखवा, आणि चालली तर वाटा द्या, असे ते म्हणत होते. लेखकांच्या संघटनेने दोन्ही गोष्टी काही अंशी पदरात पाडून घेतल्या. वही थोडीशी का होईना, उघडली.

आपल्याकडे १९८१ चा सिने-कामगारांचा कायदा चित्रपट धरून केलेला होता. २०२० च्या सुरक्षा व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने ‘दृक्श्राव्य कामगार’ असा विस्तृत शब्द घेतला आणि लेखी कराराची अट ठेवली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या चार संहितांतील पुष्कळ गोष्टींशी आमचे भांडण आहे आणि ते आम्ही चालू ठेवू. पण जे हाती आले आहे, ते सेटवर उतरविण्यासाठी संघटनाच लागेल.

आमच्या मागण्या तीन आहेत. मालिकेचे बजेट मंजूर होताना सुरक्षा आणि विमा यांचे खाते वेगळे, पहिले आणि कपातीबाहेरचे असावे. रोजंदाराचा पैसा आठवड्याच्या आत मिळावा. आणि मालिका किती पाहिली गेली, हा आकडा कामगारांच्या संघटनांना दाखविला जावा. यांत कोणाची कला अडत नाही, की कोणाचा महाल लहान होत नाही.

आपण श्रोते मंडळी वर्गणीदार आहात, म्हणून आपल्याकडेही एक मागणे आहे. ‘दोनशे कोटींची मालिका’ अशी जाहिरात वाचाल, तेव्हा त्या आकड्याने दिपून जाऊ नका. त्यातले किती कोठे गेले, हे विचारा. वृत्तपत्राला पत्र लिहून विचारा, घरात मुलांपाशी बोला. तुमच्या शेजारच्या खोलीतला सुतार त्या महालावर कामाला असेल, तर त्याचे पैसे आले की नाही, एवढे त्याला विचारले तरी माझ्या आजच्या बोलण्याचे चीज झाले असे मी समजेन.