चौकातली आई



जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांवर बोलायला वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी कामगार संघटनेच्या माणसाला उभे केले, याचे तुम्हांला नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाशी. चित्रकलेची परिभाषा आमच्यापाशी नाही, आणि देवादिकांपासून आम्ही आयुष्यभर जरा फटकूनच राहिलो. तरी होकार दिला, कारण या विषयात आमची एक चूक गुंतलेली आहे. ती चारचौघांत सांगितली म्हणजे आमचे मन हलके होईल.

पालघर जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत आमचे काम चालते. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा वार्षिक मेळावा होता. निमंत्रणपत्रिका जरा देखणी असावी म्हणून छापखानेवाल्याने तिच्या चारी बाजूंना वारली नक्षीची चौकट टाकली. संगणकात तयारच होती. वेगळा पैसा पडला नाही. आम्ही खूष झालो. पत्रिका वाटीत वाटीत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बायांपर्यंत पोचलो, तेव्हा डहाणूकडची एक वारली बाई ती उलटसुलट करून पाहू लागली. मग म्हणाली, "भाऊ, लग्न कुणाचं आहे?"

आम्ही म्हटले, "लग्न नाही बाई, मेळावा आहे."

"मग चौक कशाला काढलात? आणि काढलात तर आत देवी कुठं आहे?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही केल्या पाठ सोडीना. तीस वर्षे आदिवासी मुलखाच्या कडेला राहून आम्ही त्या माणसांची मजुरी विचारली, हजेरी विचारली. त्यांच्या भिंतीवर काय असते ते कधी विचारले नव्हते. ते पुढच्या दोन वर्षांत आम्ही विचारून, वाचून आणि पाहून समजून घेतले. आजचे भाषण म्हणजे त्याचाच हिशेब आहे.

वारल्यांच्या घरी लग्न निघाले की घरातली भिंत शेणामातीने सारवतात, तिच्यावर गेरूचा हात फिरवतात. तांदूळ वाटून पाण्यात कालवतात. काडीचे टोक ठेचून मऊ केले की झाला कुंचला. मग सवाशिणी भिंतीपुढे बसतात आणि चौक काढतात. रेघांच्या, त्रिकोणांच्या, साखळीच्या पट्ट्यांची ती चौरस चौकट. आणि तिच्या मधोमध हात पसरून उभी असते पालघट देवी. ती झाडापाल्याची, पिकापाण्याची, लेकराबाळांची आई. जवळ चंद्र-सूर्य असतात, शिडी असते, फणी असते. भोवती झाडे आणि जनावरे. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. हा चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ज्याला आम्ही नक्षी समजलो, ती नक्षी नव्हतीच. ते आईला घरात बोलावण्यासाठी आखलेले अंगण होते, आणि आम्ही ते रिकामेच छापले होते.

आता यातली एक गोष्ट आमच्यासारख्याच्या काळजाला लागते ती अशी. ही देवी तांदळाच्या पिठाने काढतात. ज्या घरात ती काढली जाई, त्या घरी तांदूळ किती असे? गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्या मुलखातल्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या होत्या. वारली तरुणाला लग्न करायचे तर मालकाकडून थोडीशी रक्कम उचलावी लागे आणि ती फेडण्यासाठी त्याच मालकाकडे राबावे लागे. नुसता तो नव्हे, त्याची बायकोही. त्याला नावच होते: लग्नगडी. कर्ज फिटत नसे आणि सुटका होत नसे.

श्रोतेहो, हे दोन्ही एकत्र ठेवून पाहा. एका भिंतीवर बाया मूठभर तांदूळ वाटून भरल्या घराची देवी काढीत आहेत, आणि त्याच लग्नासाठी नवरदेवाने स्वतःला गहाण टाकले आहे. आमच्या जुन्या समजुतीप्रमाणे आम्ही म्हटले असते की, ही तर भाबडी समजूत. पोट रिकामे म्हणून देवीचा दिलासा. आज आम्हांला तसे म्हणवत नाही. दिलासा मागणारा माणूस कोपऱ्यात दिवा लावतो. या बाया घरच्या भिंतीवर हातभर रुंद देवी काढून सांगत होत्या की, या जमिनीत सर्वांना पुरेल इतके आहे आणि आमच्या घरीही ते आले पाहिजे. ही आमच्या मते मागणी आहे. आमच्या मागणीपत्रात आम्ही याहून निराळे काय लिहितो?

१९४५ साली किसान सभेने श्यामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडायला वारल्यांना हाक दिली, तेव्हा ते हजारोंनी उठले. ऑक्टोबर महिन्यात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे पडली. पण लग्नगडी सुटला. ज्यांना कोणी माणसात मोजीत नव्हते ते एवढे ताठ कसे उभे राहिले, याचे आम्हांला पूर्वी कोडे पडे. संघटनेचे श्रेय संघटनेला आहेच. पण आपल्या घरी भरला घट यायला हवा, ही गोष्ट त्यांच्या आयांनी त्यांना आधीच भिंतीवर दाखवून ठेवली होती, असे आम्ही आता मानतो.

जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ चा; म्हणजे उठाव झाला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. लहानपणीच त्यांची आई गेली. त्या धक्क्याने हे पोर बोलायचेच थांबले, कित्येक वर्षे बोलले नाही, आणि काही सांगायचे झाले तर धुळीत रेघा ओढून सांगे, असे सांगतात. पुढे ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडला शेती करीत राहिले. चित्र हे लग्नापुरते आणि बायांचे काम. पण हा गडी रोजच काढी. ज्याची आई हरवली त्याने आईचाच चौक हाती धरला, याला योगायोग म्हणावा की काय, ते तुम्ही ठरवा.

१९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकरांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मिथिलेत पाठवले होते. तिथल्या बायांना कागद देऊन त्यांनी भिंतीवरची चित्रे कागदावर आणली. तेच कुलकर्णी १९७० नंतरच्या वर्षांत वारली पाड्यांत आले आणि त्यांना जिव्या भेटले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात जिव्यांचे प्रदर्शन भरले. १९८९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या नामवंत इंग्रज कलावंताच्या शेजारी ती मांडली गेली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी गंजाडलाच त्यांनी डोळे मिटले.

त्यांच्या एका चित्रात मासे धरण्याचे जाळे आहे. सारा पट जाळ्याने भरलेला. एकेक दोरा, एकेक डोळा वेगळा काढलेला, आणि कडेला चिमुकली माणसे. आम्ही पुस्तकातल्या छापील चित्रावर बोट ठेवून एका चौरस इंचातल्या रेघा मोजू लागलो आणि दमून थांबलो. हातकाम करणाऱ्यालाच कळेल की, एवढी रेघ न थरथरता ओढायला काय लागते. दुसऱ्या चित्रांत मुंग्यांचे वारूळ आहे, भाताची लावणी आहे, तारप्याभोवती वेटोळे घालणारा नाच आहे. त्या नाचात पुढारी शोधू जाल तर सापडत नाही. सगळे हातात हात गुंफून फिरत असतात. माणूस मोठा आणि मुंगी लहान, असा मानही तिथे नाही. पालघट या चित्रांत दिसत नसली तरी तिचेच राज्य चालू आहे, असे वाटते. चौकात बंदिस्त होती ती शेतावर, पाण्यावर, वारुळावर पसरली. हे जिव्यांचे कर्तृत्व.

पण आमचा धंदा हिशेबाचा आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. भिंतीवरच्या चित्राला दाम नव्हता तोवर ते बायांचे होते. कागद आला, दाम आला, आणि पुरुषांचे हात पुढे झाले. यात जिव्यांचा दोष नाही. त्यांनी बायांची कला जगापुढे नेली. मात्र ज्या सवाशिणींनी पिढ्यान् पिढ्या चौक काढला, त्यांची नावे दालनांच्या भिंतींवर क्वचितच लागली. आमच्या कारखान्यांतही असेच होते. हाताने होते तोवर काम बाईचे. यंत्र आले आणि मजुरी वाढली की ते पुरुषाचे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव त्या समाजाचे आहे हे कायद्याने मानले. तरी कपबशीवर, पडद्यावर, पिशवीवर आणि कामगार संघटनेच्या पत्रिकेवर ही नक्षी फुकट छापली जातेच आहे. दुसऱ्याच्या श्रमाचा मोबदला बुडवू नये, असे फाटकाशी ओरडणारे आम्ही, आणि आमच्याच पत्रिकेवर बुडवलेला मोबदला.

पुढच्या वर्षीच्या मेळाव्याआधी आम्ही त्या बाईकडे गेलो आणि पत्रिकेसाठी चित्र काढशील का, असे विचारले. कार्यकारिणीत थोडी कुरकुर झाली होती, एक जुने सहकारी म्हणाले, "आता संघटनेच्या पत्रिकेवर देवी आणणार का?" तो वाद बाईनेच मिटवला. म्हणाली, "देवी नाही काढायची. ती लग्नातच येते. मी तारपा काढून देते. पण भाऊ, पैसे आधी ठरवा, आणि खाली माझं नाव लिहा."

आम्ही दाम ठरवला, आधी दिला, आणि नाव लिहिले. कंत्राटदाराच्या हजेरीवहीत बाईचे नाव दोन वेळा चुकीचे लिहिले होते. पत्रिकेवर ते बिनचूक छापले गेले. तिने ती पत्रिका घडी न घालता घरी नेली.

श्रोतेहो, आम्ही आस्तिक झालो असे कुणी समजू नये. पण सर्वांना पुरेल इतके देणारी आई मनात धरून जे हात राबतात, त्या हातांना नाव आणि दाम दिल्याशिवाय त्यांची देवी भिंतीला लावण्याचा अधिकार कुणालाच नाही, हे आम्हांला त्या चौकाने शिकवले. तुमच्या घरी वारली चित्र असेल तर आज गेल्यावर ते उलटून पाहा. मागे कुणाचे नाव आहे का, तेवढे बघा.