बियाण्याचा जोम



बियाण्याची पिशवी विकत घेताना सुजाण शेतकरी लेबलावरील उगवणशक्तीचा आकडा पाहतो. प्रमाणित भेंडीसाठी तो किमान ६५ टक्के असावा, कांद्यासाठी ७०, मिरचीसाठी ६०, असे मानदंड आहेत. १९६६च्या बियाणे कायद्याने दिलेले हे संरक्षण मोलाचे खरे. परंतु तो आकडा प्रयोगशाळेतला. तेथे ओलावा बेताचा, तापमान अनुकूल आणि भेंडीची अखेरची मोजणी एकविसाव्या दिवशी. चौथ्या दिवशी रसरसून वर आलेले रोप आणि पंधरवड्यानंतर कसेबसे डोके काढणारे रोप, दोहोंची गणना सारखीच! परभणीच्या काळ्या जमिनीत मात्र पेरणीमागून एखादी जोराची सर येते, वर पापुद्रा धरतो आणि ते दुसरे रोप मातीखालीच कुजते. या दोहोंतील फरकालाच बीजशास्त्र ‘जोम’ म्हणते.

जोम मोजताही येतो. अब्दुल-बाकी आणि अँडरसन या शास्त्रज्ञांनी १९७३ साली त्याचे सोपे गणित मांडले : उगवणीची टक्केवारी गुणिले रोपाची सरासरी लांबी. दोन नमुने ८० टक्केच उगवले, पण एकाची रोपे २० सेंटिमीटर आणि दुसऱ्याची १२, तर निर्देशांक १६०० आणि ९६०. बियाणे जुने होऊ लागले की आधी जोम ओसरतो, उगवण त्यामागून. पत्र्याच्या खोलीत मराठवाड्याचा उन्हाळा काढलेल्या पिशवीची नऊ महिन्यांची मुदत कागदावर शिल्लक असते. आतला जीव मात्र थकलेला असतो.

आणखी एक गोष्ट रुजवण सांगत नाही, ती म्हणजे वाणाची शुद्धता. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी ‘पुसा सावनी’ भेंडीचा रानटी जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा वाण सिद्ध केला. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या केवडा रोगापुढे तो टिकला आणि १९८५च्या सुमारास परभणीचे नाव देशभर गेले. पुढे त्याची प्रतिकारशक्ती पूर्वीइतकी राहिली नाही. पण भेंडीच्या फुलावर किडे येतात, परागकण शेजारच्या वाणात मिसळतात. म्हणून प्रमाणित बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये २०० मीटर अंतर राखावे लागते. हे अंतर न पाळता धरलेले बी उत्तम उगवेल, पण त्याला ‘क्रांती’ कसे म्हणावे?

आपल्याकडे घटस्थापनेला धान्य रुजत घालतात. रब्बीच्या तोंडावर घरोघरी होणारी ही बीजपरीक्षाच नव्हे काय? तीच दृष्टी भाजीच्या बियाण्याला लावता येते. पिशवीतील शंभर दाणे न निवडता घ्यावेत, रात्रभर भिजवून ओल्या गोणपाटात ओळीने गुंडाळावेत आणि सावलीत ठेवावेत. चौथ्या दिवशी मोजावे, आठव्या दिवशी पुन्हा मोजावे, दोन्ही आकडे वहीत लिहावेत. बहुतेक मोड चौथ्या दिवशीच आले असतील, तर पेरावे. रेंगाळले असतील, तर नमुना परभणीच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावा. आणि पिशवी, लेबल व पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी.