शिगेचं माप



ज्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद कधी काळी लक्ष्मीबाई टिळकांनी भूषवलं, त्या परंपरेत आपण मला आणून बसवलंत. या प्रेमाचं ऋण मोठं आहे. ते फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो: गेली अनेक वर्षं मनात घोळत असलेला एक विषय आज आपल्यापुढे मोकळेपणानं मांडणं. तारण झालं, बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या वहीत नाव लागलं. त्यानंतर काय? आतला विश्वास बाहेर कुठे दिसतो? आणि तो जिथे दिसतो तिथपर्यंत आपलं साहित्य पोचतं का?

सुरुवात घरातूनच करतो. माझे आजोबा मापाडी होते. नगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावी, धान्याच्या एका व्यापाऱ्याकडे ते कामाला होते. किलोग्रॅमची वजनं यायच्या आधीचा तो काळ. धान्य मापटं, शेर, पायलीनं मोजलं जाई. पहिलं माप टाकताना मापाडी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. लाभ, दोन, तीन, चार, अशी ती गिनती एका लयीत चाले. शेतकऱ्याकडून ज्वारी घ्यायची तेव्हा माप शिगेनं भरायचं: वर सुळका येईपर्यंत, कडेवरून दाणे ओघळेपर्यंत. तीच ज्वारी गिऱ्हाइकाला द्यायची तेव्हा मापावरून तळहात सपकन फिरवायचा आणि फिरवता फिरवता अंगठा आत दाबायचा. दोन्ही वेळा तोंडातला आकडा तोच. मापात पाप म्हणतात ते हे.

आजोबांचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या बाजारी ते नेहमीसारखे पोत्यांपुढे बसले. शेतकऱ्याचं माप त्यांनी जसं घेतलं तसंच गिऱ्हाइकाला दिलं. शीग दोन्हीकडे सारखी, आणि अंगठा बाहेर. मालकानं दोन बाजार वाट पाहिली. तिसऱ्या बाजारी दुसरा मापाडी आणला. आजोबा खडी फोडायला जाऊ लागले. पुढे सुगीच्या दिवसांत एक म्हातारा शेतकरी बैलगाडी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. बाजारात जाण्याआधी आपलं धान्य नेमकं किती आहे, ते त्याला आजोबांकडून मापून हवं होतं. मग दुसरा आला, तिसरा आला. आजी सांगायची, “ह्यांचा बाप्तिस्मा झालाय हे गावाला पाळकसायबानं न्हाई सांगितलं. ह्यांच्या अंगठ्यानं सांगितलं.”

मित्रहो, पुष्कळ प्रवचनं मी ऐकली, काही स्वतः केली. पण तारण आणि आचरण यांच्या नात्याविषयी आजीच्या त्या वाक्याहून नेमकं वाक्य मला अजून भेटलेलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. अंगठा बाहेर काढल्यामुळे आजोबांचं तारण झालं नाही. तारण झालं म्हणून अंगठा बाहेर आला. पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिलं ते याच क्रमानं: आपण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तारले गेलो, त्यात आपल्या कर्माची कमाई नाही; आणि लगेच पुढे, चांगली कामं करावीत म्हणूनच आपली नवी घडण झाली आहे. आपण पहिला भाग तोंडपाठ करतो आणि दुसऱ्यापाशी येता येता प्रार्थना संपवतो. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असं याकोबानं बजावलं, ते या सवयीलाच. यरीहोचा जक्कय आठवा. जकात गोळा करणारा, उंबराच्या झाडावर चढलेला तो बुटका माणूस. प्रभू आधी त्याच्या घरी जातो, कुठलीही अट न घालता. मग जक्कय उभा राहतो आणि पैशाचं बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला नाडलं त्याला चौपट परत. आज या घराला तारण मिळालं, हे प्रभूचे उद्गार त्यानंतरचे आहेत. पश्चात्ताप तिजोरीपर्यंत पोचला, तेव्हा तो यरीहोच्या रस्त्यावरच्या माणसालाही दिसला.

आपल्या महाराष्ट्रात हे सर्वांत ठळक कुठे दिसलं असेल तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी निर्भयपणे लिहून ठेवलं की, त्यानंतरची आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. १८९१च्या सुमारास त्यांना तो भेटला. एवढी विदुषी, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलं, ती बाई आपल्या आठ वर्षांचं रितेपण जगापुढे मांडते. असं लिहायला किती धैर्य लागतं, हे आपण लेखक जाणतो.

आणि त्यानंतर काय झालं? १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ वर्तमानपत्रातून समजून घ्यावा लागला नाही. १८७४ साली त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई उपासमारीत गेले होते, पाठोपाठ थोरली बहीण गेली होती. भाऊ श्रीनिवासबरोबर त्या उपाशीपोटी देशभर पायी हिंडल्या होत्या. ती भूक अंगात घेऊन त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन परत आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्या सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. फळबागेसाठी घेतलेली ती जमीन, पण तिच्यावर ‘मुक्ती’ हा आश्रम उभा राहिला. तिथे विणकाम आलं, तेलाचा घाणा आला, गोठा आला, छापखाना आला, अंधांसाठी ब्रेल लिपीचं शिक्षण आलं. समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन आलं. रमाबाईंनी आपल्या तारणाचा अर्थ विहीर, चूल आणि चरितार्थ यांत उतरवला.

त्या छापखान्यापाशी मला क्षणभर थांबायचं आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. १९२१मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली, तरी हात थांबला नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या स्वतः गेल्या. १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. त्याचे खिळे जुळवणारे, कागद यंत्रावर चढवणारे, पानं शिवणारे हात मुक्तीमधल्या मुलीबायकांचे होते. ज्यांना कुणी एक अक्षर शिकवलं नसतं, त्यांच्या बोटांखाली एकेक अक्षर उभं राहून शुभवर्तमान तयार होत होतं. हा आपला साहित्याचा इतिहास आहे आणि विश्वासाचाही. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच शाईत.

आता लक्ष्मीबाई. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीबरोबर राहायला आल्या, पण सोवळं घेऊन आल्या. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडून पाहा. सोवळं एका रात्रीत गळून पडल्याचा चमत्कार तिथे नाही. एकेक पायरी आहे, एकेक अडखळणं आहे. जातिभेद देवानं केलेला नसून माणसानं केलेला आहे, हे एकदा मनाला पटल्यावर मात्र ही बाई कुणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार झाली. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. आणि पुस्तक तिथे संपत नाही. पुढे केवढा संसार आहे! टिळकांनी घरात आणलेली अनाथ मुलं, रिकामे डबे, पाहुण्यांची रीघ, रुसवे, हसणं. त्या घरात विश्वास ताटावर, पाण्याच्या घागरीवर, परक्या मुलाच्या अंथरुणावर दिसतो. म्हणून तर हे पुस्तक ख्रिस्ती वाचकांपुरतं उरलं नाही. अवघ्या मराठीनं ते आपलं मानलं.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं: विश्वास दिसायला हवा म्हणता, पण डाव्या हाताला उजव्या हाताचं दान कळू देऊ नका असंही प्रभूनं सांगितलं ना? डोंगरावरच्या एकाच प्रवचनात, थोड्याच अंतरावर, दोन्ही आहे. तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, आणि लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. या पेचावर मी पुष्कळ विचार केला. मला कळलं ते एवढंच. उजेडात माणसाला वाट दिसावी, समईकडे पाहत बसायची वेळ त्याच्यावर येऊ नये. आजोबांचं माप गावानं पाहिलं, पण आजोबांनी त्यावर पाटी लावली नव्हती. धान्यवाटपाच्या फोटोत घेणाऱ्या विधवेच्या चेहऱ्यापेक्षा देणाऱ्याचा हात मोठा आला, की समजावं, अंगठा पुन्हा मापात गेला.

आणि एक सांगतो. सेवेवर आज संशयाची नजर आहे. तुम्ही दवाखाना काढता, शाळा काढता, ते माणसं ओढण्यासाठी, असं म्हटलं जातं. रागावून हा संशय जाणार नाही. आपल्या ताटाखाली कुठलीही अट दडवलेली नाही, हे वर्षानुवर्षं दिसत राहिलं तरच तो जाईल. प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचं आरोग्य त्यानं काढून घेतलं नाही. सेवा हा गळ नव्हे. ती आपल्याला मिळालेल्या कृपेची परतफेडसुद्धा नव्हे, कारण ती परतफेड होणं शक्य नाही. भरलेलं माप ओसंडतं, तशी ती ओसंडायला हवी.

घरातल्या दोषांबद्दल घरातच बोलावं लागतं, म्हणून तेही बोलतो. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्या आपल्यांत लग्नाचा विषय निघाला की अजूनही जुनी जात विचारली जाते. मिळकतींचे दावे वर्षानुवर्षं कोर्टात पडून आहेत, आणि तारखेला समोरासमोर उभे राहणारे दोघेही रविवारी एकाच बाकावर बसतात. प्रभुप्रार्थनेत आपण ऋण माफ करण्याचं बोलतो आणि सोमवारी वकिलाकडे जातो. बाहेरच्यांना आपलं धर्मज्ञान कळत नाही, पण हे कळतं. आपल्याविषयीचं त्यांचं बायबल आपण रोज आपल्या वागण्यानं लिहीत असतो.

म्हणून आजची माझी विनंती लेखकांना आहे. आपल्याकडे साक्षींची पुस्तकं पुष्कळ आहेत, आणि मी ती आदरानं वाचतो. पण त्यांतली बहुतेक एकाच ठिकाणी थांबतात. आधीचं भरकटलेलं आयुष्य, मग आजार किंवा संकट, मग प्रार्थना, मग प्रकाश, मग आमेन. पुढची तीस वर्षं पानावर येतच नाहीत. नवख्या विश्वासणाऱ्याची खरी गरज तिथेच असते. त्याला विचारायचं असतं, दारू सुटली पण घरातला धाक कसा सोडू? लाच घेणं बंद केलं, आता साहेबाला काय सांगू? ज्यानं मला नाडलं त्याच्या मुलीच्या लग्नाला जाऊ का? या प्रश्नांना गोष्ट हवी आहे, कादंबरी हवी आहे.

विषय आपल्या अंगणात पडलेले आहेत. या महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत ख्रिस्ती परिचारिकांच्या पिढ्या झिजल्या. त्यांच्या रात्रपाळीवर आपण किती पानं लिहिली? पहाटे तीनला बेवारस रुग्णाची कूस बदलणाऱ्या त्या हातांत अख्खं शुभवर्तमान आहे. खेड्यातल्या शाळेत चिंध्या घातलेल्या पोराला पहिल्या बाकावर बसवणारे मास्तर आहेत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणलं, आणि त्याच माणसानं हरित वसईसाठी, झाडांसाठी आणि विहिरींच्या पाण्यासाठी रस्त्यावर उभं राहून लढा दिला. २०२०मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा मराठी समाजानं एका धर्मगुरूचा आणि एका शेजाऱ्याचा एकत्रच सन्मान केला. आपलं लेखन असं शेजाऱ्याचं व्हावं. भाषा आपल्या मातीची, आणि विषय बाप्तिस्म्यानंतरच्या सोमवारपासून सुरू होणारा.

समारोप करतो. आजोबांचं ते मापटं आजीनं जाताना माझ्या हाती दिलं. कडेला पोचे पडलेलं, आतून गुळगुळीत झालेलं ते माप माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू देण्याविषयी बोलताना शिगेच्या मापाचंच चित्र काढतो: दाबलेलं, हलवलेलं, वर शीग लागलेलं, पदरात ओतलेलं. आजोबांना या चित्राचा अर्थ कुणाला विचारावा लागला नसेल. मी मात्र अजून शिकतो आहे. लेख संपवताना त्या मापाकडे पाहतो आणि तपासतो, वाचकाला देताना माझा अंगठा कुठे आहे?

मालकाच्या ओट्यावर पहिलं माप टाकताना आजोबा ‘लाभ’ म्हणत, तेव्हा तो लाभ मालकाचा असे. पुढे घरच्या अंगणात शेतकऱ्याचं धान्य मापतानाही त्यांनी तो शब्द बदलला नाही. फक्त आता तो समोरच्याच्या पोत्यात पडत होता. आपल्याला मिळालेलं तारण असंच कुणाच्या तरी पोत्यात पडो. आपल्या जगण्यातलं आणि आपल्या लिहिण्यातलं पहिलं माप दुसऱ्याचा लाभ असो.