मैदान कोणाचे? ऑस्ट्रेलियन रग्बी आणि पाठीराख्यांचा असंतोष

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



२४ सप्टेंबर २०२३ रोजी फ्रान्समधील ल्यों शहरात रग्बीच्या विश्वचषक स्पर्धेत वेल्सने ऑस्ट्रेलियाचा ४०–६ असा दणदणीत पराभव केला. त्याच्या आदल्याच आठवड्यात फिजीसारख्या छोट्या द्वीपराष्ट्राने ऑस्ट्रेलियावर २२–१५ अशी मात केली होती. असा प्रसंग १९५४ नंतर प्रथमच आला. १९८७ पासून प्रत्येक विश्वचषकात किमान उपांत्यपूर्व फेरी गाठणारा हा संघ या वेळी प्राथमिक गटातच गारद झाला. ल्योंच्या मैदानातील मोठ्या पडद्यावर प्रशिक्षक एडी जोन्स यांचा चेहरा दिसताच, पदरमोड करून अर्धे जग ओलांडून आलेल्या ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांनीच त्यांची हुर्यो उडवली.

दूर देशातील एका खेळातल्या जयपराजयाची चर्चा समाजवादी कार्यकर्त्यांनी का करावी, असा प्रश्न येथे साहजिकच विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, तो रोष केवळ पराभवाचा नव्हता. जो समूह आपल्या श्रमाने, पैशाने आणि निष्ठेने एखादी संस्था उभी करतो, त्या समूहाला तिच्या कारभारात मत नसेल तर काय होते, याचे ऑस्ट्रेलियन रग्बी हे बोलके उदाहरण आहे. प्रश्न खेळाचा दिसतो. वस्तुतः तो मालकीचा आणि उत्तरदायित्वाचा आहे.

या असंतोषाची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी सिडनीत रग्बी हा सर्व थरांतील लोकांचा खेळ होता. कारभार मात्र सुखवस्तू वर्गाच्या हाती होता आणि या वर्गाचा ‘हौशी’ तत्त्वावर कटाक्ष होता. खेळाडूने मोबदला घेणे हे पाप मानले जाई. ज्याच्या घरी वडिलोपार्जित संपत्ती आहे त्याला हे तत्त्व परवडणारे होते. गोदीत वा कारखान्यात राबणाऱ्या खेळाडूचा हात मोडला तर त्याची मजुरी बुडे आणि संघटना त्याला दमडीही देत नसे. १९०७ साली अलेक बर्डन हा खेळाडू जायबंदी झाला आणि भरपाईचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून सिडनीत वेगळी संघटना स्थापन झाली आणि १९०८ पासून ‘रग्बी लीग’ हा स्वतंत्र खेळ सुरू झाला. कामगार वस्त्या लीगकडे गेल्या. जुना खेळ, म्हणजे ‘रग्बी युनियन’, मुख्यतः महागड्या खाजगी शाळा, विद्यापीठे आणि त्यांचे माजी विद्यार्थी यांच्या आश्रयाने राहिला. तेराजणांचा खेळ आणि पंधराजणांचा खेळ असा जो भेद आज सांगितला जातो, तो मुळात वर्गभेद होता.

या कारभारी वर्गाची दृष्टी किती संकुचित होती, हे १९७१ साली दिसले. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा संघ ऑस्ट्रेलियात आला, तेव्हा कामगार संघटनांनी बहिष्कार पुकारला. बांधकाम मजुरांच्या संघटनेचे बॉब प्रिंगल यांनी आपल्या एका सहकाऱ्यासह सिडनीच्या मैदानावरील गोलचे खांब करवतीने कापण्याचा प्रयत्न केला. क्वीन्सलँडच्या सरकारने तर आणीबाणीच जाहीर केली. ऑस्ट्रेलियाच्या सात खेळाडूंनी या संघाविरुद्ध खेळण्यास नकार दिला. रग्बीच्या चालकांनी मात्र दौरा पुरा करून घेतला. त्याच वर्षी डॉन ब्रॅडमन यांच्या अध्यक्षतेखालील क्रिकेट मंडळाने दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा नियोजित दौरा रद्द केला, ही तुलना उद्बोधक आहे. मैदानाबाहेरचा आवाज ऐकायचा नाही, ही रग्बीच्या चालकांची सवय तेव्हापासूनची.

१९९५ साली हौशीपणाचे सोंग गळून पडले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्या संघटनांनी रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनशी दहा वर्षांसाठी ५५ कोटी ५० लाख अमेरिकन डॉलरांचा प्रक्षेपण-करार केला आणि रग्बी युनियन उघडपणे व्यावसायिक झाली. खेळाडूला मोबदला मिळू लागला, हे योग्यच झाले. १९०७ च्या मागणीला अठ्ठ्याऐंशी वर्षांनी न्याय मिळाला. परंतु त्याबरोबर खेळाचे अर्थकारणही बदलले. उत्पन्नाचा मुख्य स्रोत प्रेक्षकाच्या तिकिटाऐवजी दूरचित्रवाणी कंपनीचा धनादेश झाला. अर्थात चालकांचे लक्षही तिकडेच वळले.

प्रारंभी यशाने हे झाकून ठेवले. १९९१ आणि १९९९ चे विश्वचषक ऑस्ट्रेलियाने जिंकले होते. २००३ ची स्पर्धा त्याच देशात भरली. अंतिम सामन्यात इंग्लंडने जादा वेळेत २०–१७ असा विजय मिळवला, तरी संघटनेची तिजोरी भरली. या पैशातून शनिवारच्या गावच्या सामन्यांना, सरकारी शाळांना, पश्चिम सिडनीतील पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना काय मिळाले, हा प्रश्न पाठीराखे आजही विचारतात. स्थानिक क्लब आणि व्यावसायिक संघ यांना जोडणारी एक राष्ट्रीय स्पर्धा २००७ मध्ये सुरू झाली आणि एका हंगामातच बंद पडली. २०१४ मध्ये दुसरी सुरू झाली, तीही २०१९ नंतर संपली. वरचा मजला सजवायचा आणि पायाला दुरुस्ती नाही, असा हा कारभार. २००३ पासून न्यूझीलंडकडे गेलेला ब्लेडिस्लो चषक २०२५ पर्यंत परत आला नाही, यात नवल ते काय?

सुधारणेचा प्रयत्न झालाच नाही असे म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये माजी क्रीडामंत्री मार्क आर्बिब यांनी कारभाराची चौकशी करून अहवाल दिला. तोवर न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यसंघटनांच्या हाती निम्म्याहून अधिक मते होती. अहवालानुसार त्यांचे वर्चस्व कमी झाले आणि ‘स्वतंत्र’ संचालकांचे मंडळ आले. पण हे स्वतंत्र संचालक कोणापासून स्वतंत्र? प्रादेशिक हितसंबंधांपासून, हे खरे, त्याचबरोबर पाठीराख्यांपासूनही. सरंजामदार गेला आणि व्यवस्थापक आला. रयत होती तेथेच राहिली. व्यावसायिक संघाचे हंगामी तिकीट घेणाऱ्यास तेथे ‘सभासद’ म्हणतात. सहकारी संस्थांच्या महाराष्ट्रात सभासद म्हटले की सर्वसाधारण सभेतील मत आलेच, निदान कायद्याच्या पुस्तकात तरी. तेथील या सभासदाला टोपी, गळपट्टा आणि खुर्ची मिळते. मत मिळत नाही.

याचे परिणाम पर्थच्या लोकांनी भोगले. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा ‘वेस्टर्न फोर्स’ हा संघ २००६ पासून ‘सुपर रग्बी’ स्पर्धेत खेळत होता. एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झाले की ऑस्ट्रेलियाच्या पाचांपैकी एक संघ वगळला जाईल. टांगती तलवार पर्थ आणि मेलबर्न यांच्यावर होती. खेळाडू, कर्मचारी आणि प्रेक्षक महिनोन् महिने अनिश्चिततेत राहिले. पाठीराख्यांनी संघाचे भाग स्वतः विकत घेण्याची मोहीम काढली. मेलबर्नचा संघ दरम्यान खाजगी मालकाकडून अवघ्या एका डॉलरला राज्यसंघटनेकडे गेला आणि ११ ऑगस्टला पर्थचा बळी जाहीर झाला. न्यायालयात दाद मिळाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने या व्यवहाराची चौकशी केली. पण तोवर संघ गेला होता.

पुढे काय झाले? खाणसम्राट अँड्र्यू फॉरेस्ट यांनी आपल्या पैशाने संघ जिवंत ठेवला आणि २०२० मध्ये, साथीमुळे आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद पडल्यावर, त्याच चालकांना तो परत बोलवावा लागला. मग २०२४ मध्ये मेलबर्नची पाळी आली. जानेवारीत संघ दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. कर्जाचा बोजा दोन कोटी डॉलरांहून अधिक होता. मेअखेर संघ बंद करण्याचा निर्णय झाला आणि पुढच्याच महिन्यात ते खेळाडू बाद फेरीचा सामना खेळले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश आणि आयरिश लायन्सविरुद्धचा सामना पाहायला मेलबर्नच्या मैदानावर नव्वद हजारांवर प्रेक्षक आले. ज्या शहराचा संघ बंद केला, त्याच शहरात वर्षभरानंतर तिकिटे विकली गेली.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने असमाधानी माणसापुढचे दोन मार्ग सांगितले आहेत: निघून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि निष्ठा ही निघून जाणे लांबवते. साबण आवडला नाही तर ग्राहक दुसरा घेतो. पण संघ हा साबण नव्हे. पर्थचा माणूस उद्यापासून सिडनीचा पाठीराखा होत नाही. म्हणजे निघून जाण्याचा मार्ग त्याला जवळजवळ बंद आहे. आवाजाचा मार्ग घटनेनेच बंद केला आहे. उरते ती हुर्यो. निष्ठेचा असा गैरफायदा घेणे ही मक्तेदारीच होय, मग ती नफ्यासाठी असो वा नसो. आणि हाच माणूस थकला की आरडाओरडा न करता निघून जातो. मुलाला लीगच्या किंवा फुटबॉलच्या मैदानावर नेतो. चालकांनी धास्ती घ्यायची ती या शांततेची.

२०२३ चे वर्ष या दृष्टीने पाहावे. जानेवारीत डेव्ह रेनी यांना दूर करून एडी जोन्स यांना पाच वर्षांसाठी नेमले. मार्चमध्ये लीगमधील जोसेफ सुआली या तरुण खेळाडूला वर्षाला पंधरा लाख डॉलरांहून अधिक देऊ केल्याच्या बातम्या आल्या. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय महिला संघाच्या खेळाडूंनी जाहीर तक्रार केली की, त्यांना स्वस्त वर्गाच्या विमानप्रवासापलीकडे काही परवडत नाही असे सांगणाऱ्या संघटनेने पुरुष संघाला मात्र त्याहून कमी अंतरासाठी उंची वर्गाने पाठवले. जोन्स यांच्या हाताखाली नऊपैकी दोन कसोटी सामने जिंकले गेले. ऑक्टोबरअखेर ते पायउतार झाले. नोव्हेंबरमध्ये सहा राज्यसंघटनांनी पत्र लिहून अध्यक्ष हेमिश मॅकलेनन यांना जाण्यास भाग पाडले. २०२० मध्ये माजी कर्णधारांच्या पत्रानंतर मुख्य कार्यकारी अधिकारी रेलीन कॅसल यांनी असेच पद सोडले होते. डोकी बदलली, रचना बदलली नाही. दोन्ही वेळा पत्रे लिहिली ती आतल्या माणसांनी; बाहेर उभ्या असलेल्यांना सकाळच्या वर्तमानपत्रातून कळले.

यावर चालकांचा आक्षेप असा की, प्रेक्षक भावनाप्रधान असतो. त्याच्या हाती कारभार दिला तर दिवाळे निघेल. हा आक्षेप जगातील प्रत्येक लोकशाहीविरुद्ध घेतला गेला आहे. तज्ज्ञांच्या कारभारानेही २०२४ सालचा तोटा ३ कोटी ६८ लाख डॉलर दाखवलाच. उलट पुरावा त्याच देशात आहे. १९८९ मध्ये मेलबर्नच्या फुटस्क्रे या कामगार वस्तीचा फुटबॉल क्लब दुसऱ्यात विलीन करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा पाठीराख्यांनी दारोदार हिंडून काही आठवड्यांत सुमारे १५ लाख डॉलर जमवले आणि क्लब वाचवला. २०१६ मध्ये त्याच क्लबने देशाचे अजिंक्यपद मिळवले. १९०८ पासून रग्बी लीग खेळणाऱ्या साउथ सिडनी क्लबला १९९९ च्या अखेरीस बाहेर काढले, तेव्हा हजारोंचे मोर्चे निघाले आणि २००२ मध्ये तो परत आला. पुढे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्डोक यांच्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर रस्त्याने निकाल लावला होता.

येथे भाबडेपणाही नको. याच साउथ सिडनीच्या सभासदांनी २००६ मध्ये स्वतःच्या मतांनी बहुसंख्य मालकी अभिनेता रसेल क्रो आणि त्याच्या भागीदाराकडे सोपवली. मत मिळाले म्हणजे शहाणपण मिळते असे नाही. पण चूकही आपली आणि ती सुधारण्याचा अधिकारही आपला, एवढे तरी त्याने साधते. पर्थच्या बाबतीत फॉरेस्ट यांचे औदार्य खरे असले, तरी एका अब्जाधीशाची मर्जी हा लोकशाहीचा पर्याय नव्हे.

मागणी माफक आहे. जर्मनीतील फुटबॉल क्लबांत, काही अपवाद वगळता, बहुसंख्य मते सभासदांच्या हाती राहावीत असा नियम १९९८ पासून आहे. त्या धर्तीवर नोंदलेल्या सभासदांनी निवडलेले प्रतिनिधी राष्ट्रीय मंडळावर असावेत. हिशेब उघडे असावेत. संघ बंद करण्यापूर्वी त्या राज्याच्या सभासदांचे मत घ्यावे. मोठ्या स्पर्धांच्या शिलकेचा ठरावीक हिस्सा गावचे क्लब, सरकारी शाळा आणि महिलांचा खेळ यांसाठी राखून ठेवावा. २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात भरायचा आहे. २००३ प्रमाणे तिजोरी पुन्हा भरेल. ती कोणासाठी आणि कोणाच्या संमतीने रिकामी होणार, हे आधी ठरले नाही, तर पुढची हुर्यो ऐकू येण्यासाठी मैदानात माणसे उरतील याची खात्री कोणी देऊ शकणार नाही.